गाण्याचा अर्थ लावायचा कसा: पाठ पक्का करण्यापासून निवेदनापर्यंत

कोजागरीपासून दिवाळी पहाटेपर्यंत ठाण्यात तलावपाळी, नौपाडा आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत, तसेच पलीकडे वाशी, नेरूळ, बेलापूरमध्ये भावगीतांच्या मैफिली ठरतात. गायक मिळतात, तबलजी मिळतो. निवेदन मात्र ज्याचे मराठी बरे त्याच्या गळ्यात पडते आणि तालमीतच वाद सुरू होतो. ‘चाफा बोलेना’ हे प्रेमगीत की अध्यात्म? ‘भय इथले संपत नाही’मधला ‘तू’ कोण? ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’ ही वाट चुकलेल्या बाईची हाक की जिवाची? अशा वादात सहसा ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ जिंकतो. खरे तर यातल्या बऱ्याच प्रश्नांचा निकाल गाण्याच्या ओळींतूनच लागतो. जिथे लागत नाही, तिथे तो का लागत नाही हेही नेमके सांगता येते.

पुढची पद्धत एका गाण्याला दीड-दोन तास घेते. एक फुलस्केप कागद आडवा धरून त्यावर तीन रकाने आखा: ओळ, सरळ अर्थ, शंका. दोन ओळींमध्ये बोटभर जागा सोडा, कारण खाडाखोड होणार आहे. एका बैठकीत एकच गाणे घ्या. दोन घेतली की पहिल्याचा अर्थ नकळत दुसऱ्यावर लादला जातो.

आधी पाठ पक्का करा

गाणे तीनदा ऐका, शब्द समोर न ठेवता. ऐकू येईल तसे लिहा, कळले नाही तिथे जागा मोकळी ठेवा. अंदाजाने भरलेला शब्द नंतर खोडवत नाही, म्हणून मोकळी जागाच बरी. मग छापील पाठाशी ताडून पाहा. सर्वात भरवशाचा पाठ कवीच्या संग्रहातला. त्याखालोखाल ध्वनिमुद्रिकेबरोबर आलेली पुस्तिका, मग ‘आठवणीतली गाणी’सारखे जपून केलेले संकलन. व्हिडिओखाली धावणाऱ्या शब्दांवर अर्थ उभारू नका. ऱ्हस्व-दीर्घ सोडाच, तिथे अख्खे शब्द बदललेले असतात. ठाण्यात राहणाऱ्यांची एक सोय आहे: 1893 पासून चालत आलेले मराठी ग्रंथ संग्रहालय. जुने कवितासंग्रह तिथे चाळता येतात.

संग्रह पाहायचा तो फक्त शुद्धलेखनासाठी नाही. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावायचे, म्हणून लांब कवितेतली मोजकी कडवी निवडली जात. नंतरच्या काळातही संगीतकार कडवी गाळतात, कधी क्रम बदलतात. गाळलेल्या कडव्यातच कधी कधी उत्तर असते. ग्रेस यांच्या ‘ती गेली तेव्हा रिमझिम पाऊस निनादत होता’ या ओळीवरून अनेक जण विरहगीताची कल्पना करतात. कवितेत लगेच पुढे येते: ‘ती आई होती म्हणुनी घनव्याकुळ मीही रडलो’. वाद संपला. अख्खी कविता डोळ्यांखालून घालायला पाच मिनिटे लागली असती.

शब्द कुठे तोडायचे हेही याच टप्प्यावर ठरवा. ज्ञानेश्वरांची ‘पैल तोगे काऊ कोकताहे’ ही ओळ अनेक ठिकाणी ‘तोगे’ असा एकच शब्द धरून छापतात आणि वाचणारा त्याचा अर्थ शोधत बसतो. तोडून पाहा: पैल, म्हणजे पलीकडे, तो, गे, म्हणजे अगं बाई, काऊ, कोकताहे, म्हणजे ओरडतो आहे. बाई मैत्रिणीला सांगते आहे की पलीकडे कावळा ओरडतोय. इतकी साधी ओळ निव्वळ जोडून छापल्यामुळे गूढ होऊन बसली.

कोण बोलते आहे, कोणाशी?

मराठी क्रियापद इथे फार मोठी मदत करते, पण तिला मर्यादा आहे आणि ती माहीत नसेल तर फसगत होते. ‘मी जाते’, ‘मी गातो’ यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळते. भूतकाळात ते मुख्यतः अकर्मक क्रियापदातून कळते: ‘मी गेले’, ‘मी आलो’. सकर्मक क्रियापद सहसा कर्माच्या मागे जाते. ‘मी गाणी म्हटली’ हे बाईही म्हणेल, पुरुषही म्हणेल.

आता ‘चाफा’मधली ‘गेले आंब्याच्या बनी, म्हटली मैनांसवे गाणी’ ही जोडी पाहा. ‘म्हटली’वरून काहीच कळत नाही, कारण ते ‘गाणी’शी जुळले आहे. ‘गेले’वरून कळते की बोलणारी स्त्री आहे. आणि चाफा पुल्लिंगी.

ग्रेस यांच्या ‘भय इथले संपत नाही’मधल्या ‘मी संध्याकाळी गातो, तू मला शिकविली गीते’ या ओळीत ‘गातो’ म्हणणारा पुरुष आहे. लता मंगेशकरांच्या आवाजात ऐकताना हे सहज विसरले जाते. गाणाऱ्याचा आवाज आणि गाण्यातला ‘मी’ या दोन वेगळ्या गोष्टी धरायच्या. ‘शिकविली’ हे मात्र ‘गीते’शी जुळते, त्यामुळे ‘तू’ पुरुष की स्त्री, आई की प्रेयसी की देव, हे ही ओळ सांगत नाही. व्याकरणाने ते दार उघडेच ठेवले आहे. कागदावर शंकेच्या रकान्यात ‘तू: लिंग अनिश्चित’ एवढेच लिहा. निवेदनात ‘कवी आपल्या प्रेयसीला म्हणतो’ असे ठोकून देणे म्हणजे कवितेत नसलेली माहिती श्रोत्यांना देणे.

संबोधनेही टिपा: रे, गे, गो, बाई, माये, सख्या, गड्या. संतकाव्यात पुरुष कवी स्त्रीच्या आवाजात बोलतो, ही गौळणीची आणि विराणीची, म्हणजे विरहगीताची, रीतच आहे. म्हणून शेवटची नाममुद्रा, म्हणजे कवीची सही, न चुकता पाहा. ‘बाप रखुमादेवीवरु’ ही ज्ञानेश्वरांची मुद्रा आली की विरहिणीचा सखा विठ्ठल आहे हे कवीनेच सांगितले.

शब्दाचा काळ आणि गाव

प्रत्येक ओळीचा अन्वय लावा, म्हणजे ती गद्याच्या क्रमाने लिहा: कर्ता, कर्म, क्रियापद. कविता क्रम मोडते, म्हणून हे काम शाळकरी वाटले तरी टाळू नका. निम्म्या शंका इथेच मिटतात.

ओळखीच्या शब्दांपासून जास्त जपायचे असते. अनोळखी शब्द आपण कोशात बघतो, ओळखीचा बघत नाही. ‘रुणुझुणु रे भ्रमरा’मधले ‘सांडी तू अवगुणु’ घ्या. आज आपण दूध सांडतो. ज्ञानेश्वरांच्या मराठीत ‘सांडणे’ म्हणजे टाकून देणे. ‘विषय’ म्हणजे आज शाळेतला विषय, संतांच्या आणि जुन्या कवींच्या भाषेत इंद्रियांची ओढ जिकडे जाते ते. शंका आली की मोल्सवर्थचा कोश पाहा. त्याची 1857 ची आवृत्ती एकोणिसाव्या शतकातले वापर छान दाखवते. यादवकालीन शब्दांसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, बाकी सगळ्यासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. आधुनिक गाण्यात पाच-सहा शब्द पाहावे लागतात, अभंगात पंधरा-वीस.

आपल्या भागातली आगरी-कोळी गाणी या टप्प्यावर वेगळी काळजी मागतात. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ड’ पुष्कळदा ‘र’ होतो: कोंबडीची ‘कोंबरी’ होते, आणि ‘डोला’ म्हणजे डोळा, पालखी शोधू नका. सगळ्यात फसवा शब्द ‘मना’. अभंग ऐकून तयार झालेल्या कानाला तो ‘हे मना’ वाटतो. आगरीत ‘मना’ म्हणजे ‘मला’. एवढ्यावरून लग्नातली साधी मागणी आत्मचिंतन होऊन बसते. लग्नातले धवले असतील तर अर्थ विचारायचा तो धवलारणीला, म्हणजे ते गाणाऱ्या बाईला. घणसोली, दिवाळे, करावे, इकडे चेंदणी कोळीवाडा, कुठेही जाणत्या आजीसमोर अख्खी ओळ म्हणून दाखवा. सुटा शब्द विचारला तर उत्तर चुकते, कारण तिला तो ओळीतच आठवतो.

सरळ अर्थ अडतो कुठे, ते शोधा

सगळ्या पद्धतीचा कणा हा टप्पा आहे. भारतीय काव्यशास्त्राने यासाठी चोख नियम दिला आहे आणि तो वापरत नाही हे आपले नुकसान आहे. शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ. तो सोडून दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे लक्ष्यार्थाकडे, जायचे तर मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तीन अटी घातल्या: सरळ अर्थाला बाध, म्हणजे अडथळा, आला पाहिजे, नव्या अर्थाचा जुन्याशी संबंध पाहिजे, आणि त्यामागे रूढी किंवा काही प्रयोजन पाहिजे. शास्त्रातले नेहमीचे उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’. पाण्याच्या प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, हा बाध. काठ पाण्याला लागून आहे, हा संबंध. ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्याने थंडावा आणि पावित्र्य सुचते, हे प्रयोजन.

गाण्याच्या अर्थात सर्वात जास्त चुका पहिली अट मोडल्याने होतात. पाऊस म्हटला की कृपा, वाट म्हटली की आयुष्य, घर म्हटले की मोक्ष, असे तयार प्रतीकांचे टाचण घेऊन लोक बसतात. पाऊस पाऊस म्हणून नीट चालत असेल तर तो पाऊसच राहू द्या. पी. सावळाराम यांची ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ ही ओळ पाहा. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषवलेल्या या जनकवीने बाध पहिल्याच ओळीत ठेवला: नद्या डोळ्यांत उभ्या राहत नाहीत. दोन डोळे, दोन नद्या, हा संबंध. सासरी निघालेल्या मुलीच्या आसवांना नद्यांचे पावित्र्य, हे प्रयोजन. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या, आणि कोणी वाद घालत नाही.

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात तर किल्ली ओळीतच आहे. ‘काम क्रोध विंचू चावला’ म्हटल्यावर विंचू कोण हे विचारायला नको. पण त्याच भारुडाच्या शेवटी ‘शांत केली जनार्दने’ येते. जनार्दन म्हणजे विष्णू, आणि जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरूही. इथे दोन्ही अर्थांना कुठेच बाध येत नाही, म्हणून दोन्ही ठेवायचे. एक निवडणे चूक ठरेल.

कागदावर ज्या शब्दापाशी सरळ अर्थ अडतो त्याखाली लाल रेघ मारा. लाल रेघ एकही नसेल तर प्रतीके शोधू नका.

दोन अर्थ समोरासमोर: ‘चाफा’ची तपासणी

लाल रेघा मिळाल्या की संभाव्य अर्थ लिहा, दोन किंवा तीन, चौथा नको. प्रत्येक अर्थ प्रत्येक कडव्याला लावून तीनपैकी एक शेरा द्या: बसतो, ताणावा लागतो, अडतो. एखाद्या कडव्यातही जो अर्थ अडतो, तो एकटा पुरेसा नाही. कुठेच न अडणारे दोन अर्थ उरले तर गाणे खरोखर द्व्यर्थी आहे.

कवी बी, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते (1872–1947). त्यांची कविता वसंत प्रभूंच्या चालीत लताबाईंनी घरोघरी पोचवली. ‘चाफा बोलेना, चाफा चालेना’ या पहिल्या ओळीतच दोन लाल रेघा आहेत. झाड बोलत नाही, चालत नाही, हे सांगण्यासारखे नाही. न बोलण्याची तक्रार करायची तर तो बोलणारा असायला हवा. म्हणजे चाफा हे निव्वळ झाड नव्हे. ‘खंत करी’ने ते पक्के होते.

पहिला अर्थ रुसलेल्या प्रियकराचा. बोलणारी स्त्री, चाफा पुल्लिंगी, ‘रे’ आणि ‘गड्या’ ही संबोधने. आंब्याचे बन, केतकीचे बन, फुगड्या, झिम्मा, सगळे बसते. ‘दिठी दीठ जाता मिळून’ तर सुरेख बसते. अडचण येते ती ‘जन विषयाचे किडे, यांची धाव बाह्याकडे’पाशी. इंद्रियांच्या ओढीला किडा म्हणणारी ओळ निव्वळ शृंगाराच्या गाण्यात ताणूनच बसवावी लागते. आणि शेवटी ‘कोण मी-चाफा? कोठे दोघे जण?’ इथे प्रियकर आणि प्रेयसी हे दोन वेगळे उरतच नाहीत. अर्थ अडतो.

दुसरा अर्थ जीव आणि आत्मतत्त्वाचा. ‘विषय’, ‘बाह्य’, ‘शुद्ध रसपान’ ही वेदान्ताच्या घरची भाषा, आणि शेवटच्या ओळीत द्वैत संपते. इथे तो अर्थ मुळीच ताणावा लागत नाही. झिम्मा-फुगड्यांपाशी थोडा ताणावा लागतो, पण मधुराभक्तीची जुनी रीत ध्यानात घेतली की तेही सुटते. विराणीतही देवाशी नाते प्रेयसीचेच असते.

तिसरा अर्थ कवी आणि प्रतिभेचा: न फुलणारा चाफा म्हणजे न सुचणारी कविता, आणि शेवटी कवी व कविता एक होणे. तो कुठेही अडत नाही, पण ‘विषयाचे किडे’ला किंचित ताणावा लागतो.

आमचा निकाल असा: दुसरा अर्थ सर्वात भक्कम, तिसरा मान्य, पहिला एकटा अपुरा. पण पहिला काढून टाकायचा नाही. प्रेमाची भाषा हेच या कवितेचे शरीर आहे. ‘हे प्रेमगीत नाहीच’ असे सांगणारा निवेदक ऐकणाऱ्याच्या हातातले अर्धे गाणे काढून घेतो.

‘जिवलगा’ या शांताबाई शेळक्यांच्या गीताला हीच चाळणी लावा. थकलेले पाऊल, डोक्यावरचे ओझे, दाटून आलेली सांज. वाटसरूचा सरळ अर्थ बराच वेळ अडत नाही. शेवटच्या कडव्यात ‘तूच एकला नाथ अनाथा’ येते. ‘नाथ’ पतीही असू शकतो, पण ‘अनाथांचा नाथ’ आणि जोडीला ‘महिमा’ हे शब्द देवाकडे झुकतात. तिथून मागे येऊन सगळी कडवी पुन्हा तपासा. ओझे आणि वाट आता दुहेरी बोलू लागतील. अर्थ शेवटून मागे येतो, सुरुवातीला लादलेला नसतो. दोन्हीत फार फरक आहे.

‘पैल तो गे काऊ’मध्ये कावळा पितरांचा की शकुनाचा? पुढे ‘पाहुणे पंढरीराऊ घरा कैं येती’ आहे. पाहुणा येणार म्हणून कावळा ओरडतोय. पिंडाचा इथे संबंध नाही. प्रतीकाचा अर्थ शेजारची ओळ ठरवते, प्रतीकांची यादी ठरवत नाही.

जिथे किल्ली लागत नाही

ग्रेस, आरती प्रभू यांच्या काही गीतांत प्रतिमा कोड्यासारख्या सोडवता येत नाहीत. तिथे ‘हे म्हणजे ते’ असे समीकरण मांडत गेलात तर तिसऱ्या ओळीत गाडी रुतते. अशा वेळी समासांचा विग्रह करा आणि सगळे विग्रह लिहा. ‘भय इथले’मधले ‘हे झरे चंद्रसजणांचे’ घ्या: चंद्र हेच सजण, चंद्रासारखे सजण, की चंद्राचे सजण? तिन्ही शक्य आहेत, आणि तिन्हींत उजेड, दुरावा आणि ओढ सामाईक आहे. ते सामाईक तेवढे खात्रीने सांगा. त्याच गाण्यातल्या ‘भगवी’ शब्दात सांजेचा रंग आहे आणि वैराग्याचाही. ‘मी संध्याकाळी गातो’ म्हटलेच आहे, तेव्हा दोन्हींना ओळींचा आधार आहे. गाण्यातली वेळ, जागा, रंग, स्पर्श यांची यादी केली की भाव हाती येतो. त्यापलीकडे नेमका प्रसंग शोधू नका.

चित्रपटगीतात उलट आहे. तिथे आधी प्रसंग पाहा: पडद्यावर कोण गातो, कोणासाठी, गाण्याआधीच्या दोन मिनिटांत काय घडले. लावणीत द्व्यर्थ उघडच असतो, पण नुसत्या शृंगारिक अर्थावर थांबू नका. कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांतल्या झगड्याच्या, भेदिक लावण्यांत प्रकृती-पुरुषाचा वाद कोड्यातून चालतो, आणि कोडे ऐन शेवटी सुटते.

चाल हा पुरावा आहे, पण संगीतकाराच्या अर्थाचा. कोणता शब्द दोनदा घेतला, श्वास कुठे तुटला, कुठे ताल थांबला, ते टिपा. त्यावरून कवीचा हेतू सिद्ध होत नाही. कवीने मुलाखतीत किंवा प्रस्तावनेत सांगितले असेल तर ते वजनदार मत म्हणून घ्या. ओळी त्याला साथ देत नसतील तर ओळींचे ऐका. चरित्राचेही तेच. ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे सावळारामांचे गीत दीनानाथ मंगेशकरांच्या आठवणीशी जोडले जाते. ते सांगावे, पण वडील गमावलेली कोणतीही मुलगी त्यात स्वतःला पाहू शकते, ही वाट निवेदनाने बुजवू नये.

चर्चा आणि निवेदन

कागद तयार झाला की चार ते सहा जणांत वाचा. नियम एकच: मत मांडणाऱ्याने ओळीवर बोट ठेवायचे. ओळ दाखवता येत नसेल तर ते मत आठवण म्हणून ऐका, अर्थ म्हणून लिहू नका. वेगवेगळ्या वयाची माणसे असावीत, आणि शक्यतो एक जण वारकरी घरातला. अभंगाच्या परिभाषेत तो तासभराचे काम पाच मिनिटांत करतो.

निवेदन एका गाण्याला दीड मिनिट, म्हणजे साधारण दीडशे शब्द. त्यात एक अवघड शब्द, एक अडलेली जागा आणि एक उघडा प्रश्न, इतकेच मावते. दोन अर्थ सांगायचे तर आधी सरळ, मग गूढ. उलट क्रमाने सांगितले की सरळ अर्थ बाळबोध वाटू लागतो. शेवटची ओळ आधीच फोडू नका; ‘कोठे दोघे जण’ हा धक्का गायिकेच्या तोंडून बसायला हवा. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गायिकेला विचारून घ्या की ती कोणती कडवी म्हणणार आहे. तुमचा सगळा अर्थ ज्या कडव्यावर उभा आहे तेच ती गाळणार असेल, तर ते कडवे निवेदनात वाचून दाखवा किंवा तेवढा भाग बदला.